एकोणतिसाचा पाढा

आमच्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, गळे राहत. कॉरिडॉरमध्ये कुणी हात जोडून "डॉक्टर, ओळखलंत का?" असं विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवत, समोरच्याच्या हनुवटीखाली निरखून बघत आणि सांगत, "हो तर! आखूड गळा, डावीकडे थायरॉइडची गाठ. मरोळचे ना तुम्ही?" माणूस मरोळचाच निघे. नाव मात्र त्यांना सांगितल्यावरही आठवत नसे. शिकत असताना मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढली, आणि त्यातलं पहिलं अख्खं वर्ष ते मला "ए, लांब गळा" अशी हाक मारत होते. कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख होते म्हणून खपून गेलं. दुसऱ्या कुठल्या विभागात असते तर तक्रार झाली असती.

माझ्या लग्नाला ते मुलुंडच्या हॉलवर आले होते. स्टेजवर चढले, मला आशीर्वाद दिला, नवऱ्याशी हस्तांदोलन करता करता त्याच्या कॉलरच्या आत डोकावले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जाड आहे. घोरत असणार." फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपलाय. आल्बम बघणाऱ्याला वाटतं, गुरू शिष्येला काहीतरी मोलाचं सांगताहेत. मोलाचंच होतं म्हणा. नवरा आजही घोरतो.

आमचं रुग्णालय पश्चिम उपनगरात आहे. याहून जास्त पत्ता मी देणार नाही. सरांचा जीव तिथल्या आयसीयूत अडकलेला. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, आणि कधी कधी तर ती तोंडातून आत जातच नाही. मग गळ्याला पुढून वाट करून श्वासनलिकेत थेट नळी बसवावी लागते. या शस्त्रक्रियेला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात, पण सर नुसतंच 'गळा' म्हणत. "आयसीयूत एक गळा आहे." "काल दोन गळे केले." रिक्षात बसून ते फोनवर असं बोलायला लागले की रिक्षावाला आरशातून त्यांच्याकडे बघत बसायचा.

पहिल्या दिवशी मी सगळी सर्टिफिकेटं फाइलला लावून त्यांच्यापुढे उभी राहिले होते. फाइल त्यांनी उघडलीही नाही.

"स्वतःच्या गळ्यावर बोट ठेव. गिळ. काय वर गेलं?"

"थायरॉइड कार्टिलेज, सर."

"ते पुस्तकात गेलं वर. बोटाखाली काय गेलं ते सांग."

मी पुन्हा गिळलं. एक कडक उंचवटा वर सरकला, खाली आला. त्याच्याखाली एक खळगा, मग एक कडी, आणि त्याखाली एकाखाली एक श्वासनलिकेच्या बारीक बारीक कड्या. मी डॉक्टर होऊन दीड वर्ष झालं होतं आणि स्वतःचा गळा पहिल्यांदा हाताला लागत होता. तेवढं सांगितल्यावर ते "चालेल" म्हणाले आणि चहा मागवला.

तेव्हापासून रोज सकाळी राउंडच्या आधी आम्ही रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, भिंतीला पाठ लावून, गळ्यावर बोट ठेवून गिळत उभे राहायचो. वॉर्डातल्या मावशी तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा एका पेशंटच्या सासूबाई आमच्या रांगेत येऊन डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय. सरांनी त्यांनाही गिळायला लावलं, आणि त्यांच्या गळ्यात खरोखरच एक गाठ सापडली. साधी निघाली, पण बाईंनी त्या दिवसापासून सरांना महाराजांच्या रांगेत नेऊन बसवलं.

"गळ्याला विचार," हे त्यांचं पालुपद होतं. छेद उभा घ्यायचा की आडवा, नळी कुठल्या मापाची, कुठल्या दोन कड्यांच्या मध्ये, असं काहीही विचारलं की हेच उत्तर. "मला काय विचारतोस? मी काय पेशंटचा मामा आहे? बोट ठेव आणि गळ्याला विचार." थोडं सोपं करून सांगायचं झालं तर ते म्हणत, "घाईत उभा, सवडीत आडवा." आडव्या छेदाचा व्रण गळ्याच्या वळीत मिसळून जातो, दिसत नाही. पण श्वास अडकलेला असताना मधोमध उभा छेद घेतला की रक्तवाहिन्या आजूबाजूला राहतात आणि बोट सरळ खाली कड्यांपर्यंत उतरतं. उभा छेद रूप बघत नाही, काम करतो.

आता पाढ्याबद्दल. चाकू ज्याच्या हातात त्यानं ऑपरेशन करताना एकोणतिसाचा पाढा मोठ्यानं म्हणायचा, असा आमच्या विभागाचा कायदा होता. भारतात, किंबहुना जगात, असा कायदा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. बेचा पाढा चालत नसे, कारण तो झोपेतही येतो. सतराचा, एकोणिसाचा मारासकट हाडात मुरलेला असतो. एकोणतिसाला मात्र प्रत्येक पायरीवर डोकं जागेवर लागतं. "तीस मिळवायचे आणि एक काढायचा, एवढंच तर आहे," सर म्हणत. "पण घाबरलेल्या माणसाला तो एक काढता येत नाही." पाढा अडकला की चाकू खाली ठेवायचा आणि शेजारच्याला द्यायचा. का अडकला ते विचारायचं नाही आणि त्यावरून नंतर चिडवायचंही नाही. मारामारीची वेळ आली तरी चालेल, पण हा नियम मोडलेला त्यांना चालत नसे.

सरावासाठी बोकडाच्या श्वासनलिका यायच्या, मरोळच्या एका मटणवाल्या चाचांकडून. त्या चाचांचा गळा सरांनीच केलेला होता. ते सरांना बघितलं की आधी शर्टचं वरचं बटण उघडून व्रण दाखवत आणि मग बोलायला लागत. "डॉक्टरसाब का सामान रेडी है," म्हणून काळी पिशवी आमच्या हातात देत. ती विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवायची. एका शुक्रवारी मी आईसाठी पडवळ घेतलं होतं, तीही काळीच पिशवी, तीही त्याच फ्रिजमध्ये. संध्याकाळी मी घाटकोपरला घरी जाऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चोरून येतो. आईचा आवाज आला.

"हे काय आहे गं?"

"पडवळ."

"पडवळाला कड्या असतात?"

मी धावत बाहेर आले. "आई, हात लावू नकोस. श्वासनलिका आहे."

आई एक पाऊल मागे सरकली आणि अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "कुणाची?"

इकडे शनिवारी सकाळी सरांनी फ्रिजमधून माझं पडवळ काढलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी त्याचे तुकडे केले, ओला रुमाल गुंडाळून त्याची कातडी केली आणि नव्या पोरांना कापायला दिलं. "बोकड पुढच्या महिन्यात. आधी भाजी नीट कापून दाखवा." तेव्हापासून आमच्याकडे पहिला महिना पडवळाचाच असतो. आईला हे सांगितल्यावर तिनं आठवडाभर पडवळ केलं नाही.

सरांच्या आयुष्यात एकच शत्रू होता, तो म्हणजे आयसीयूच्या मॅडम. भूलतज्ज्ञ, बोरिवलीच्या, बुटक्या आणि तिखट. त्यांच्याकडे नवी पद्धत होती. चाकू जवळपास नाहीच. गळ्यातून सुई श्वासनलिकेत घालायची, सुईतून एक तार सोडायची, तारेवरून शंकूसारखं एक साधन सरकवत भोक रुंद करायचं आणि त्यातून नळी बसवायची. सगळं पेशंटच्या खाटेवरच. तोंडातून दुर्बीण घालून आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. पेशंटला ऑपरेशन थिएटरपर्यंत ढकलत न्यायला नको, रक्त कमी, व्रण कमी. सर त्यांना 'तारवाल्या बाई' म्हणत. त्या सरांना 'सुतार' म्हणत.

"अहो सुतार, हा आयसीयू आहे की बालवाडी? माझे पेशंट पाढे ऐकून उठून बसतील."

"उठून बसले तर बरंच आहे की! तुमच्या औषधांनी बसत नाहीयेत."

यांचं भांडण एवढं गाजलं की शेवटी एका दुपारी कॅन्टीनच्या टेबलावर स्पर्धा ठरली. दोघांसमोर एकेक बोकडाची नळी, वर कोंबडीची कातडी ताणून बसवलेली. सिस्टर हातात घड्याळ घेऊन उभ्या. सरांनी पाढा सुरू केला आणि 'पाचा'ला त्यांची नळी आत गेली. मॅडमचं तंत्रही सुरेख चाललं होतं, पण त्यांची सगळी सामग्री ज्या प्लास्टिकच्या पाकिटात होती ते फुटेना. कात्री सापडेना. शेवटी त्यांनी ते दातांनी फाडलं.

"पाकीट फोडण्यात पेशंट गेला," सर म्हणाले.

"ज्याला रक्तच नाही अशा बोकडावर कुणीही शूर असतो," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून निघून गेल्या. त्या दिवसापासून आयसीयूत प्रत्येक पाकिटाला दोरीनं एक कात्री बांधलेली असते.

पण सरांची खरी गंमत मला पुढे कळली. एकदा मी एका पेशंटचा गळा तपासत होते. लांब, सडपातळ, कड्या मोजता येतील असा. घाई कसलीच नव्हती. सर मागून आले, बोट ठेवून बघितलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "हा तारेचा गळा आहे. तारवाल्या बाईंना बोलव. माझं नाव सांगू नको." म्हणजे हा माणूस चारचौघांत तारेला शिव्या घालायचा आणि मागल्या दारानं तिच्याकडे पेशंट पाठवायचा! मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "भांडण माझं आणि बाईंचं आहे. गळ्यानं काय घोडं मारलंय?"

आता खारदांड्याच्या मावशींची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

या मावशी मासे विकायच्या. दाढ किडून त्यांच्या जबड्याखाली एवढी सूज आली होती की जीभ टाळ्याला लागलेली. दुपारी जेवणाच्या सुमाराला त्यांना आयसीयूत आणलं तेव्हा त्या बसल्या बसल्या श्वास ओढत होत्या आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. मॅडमनी तोंडातून नळी घालायचा प्रयत्न केला, नाही गेली. दुसऱ्यांदा केला, नाही गेली. मॉनिटरवरचा ऑक्सिजन घसरायला लागला. मॅडम बाजूला झाल्या. तारेला सवड लागते, आणि इथे सवड नव्हती. "सुतार, गळा घ्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही हाक मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

सरांनी चाकू घेतला. डाव्या हाताचं बोट गळ्यावर ठेवलं. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक..." आणि थांबले. दोन सेकंद असतील. मला दोन तासांसारखे वाटले. त्यांनी चाकू उलटा करून मूठ माझ्याकडे केली.

"घे."

मी तोपर्यंत सवडीतले गळे केले होते, एकही घाईतला नाही. मी चाकू घेतला आणि घाईघाईनं गळ्यावर टेकवायला गेले. सर घाईत आले की त्यांच्यातला मालवण वर यायचा. "पेशंट घायत आसा गो, तू कित्याक घाय करतंस? पाढो म्हण."

मी पाढा म्हटला. मधोमध उभा छेद. रक्त आलं, आतलं दिसेनासं झालं. बोट आत गेलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटाला खळगा कळला, कडी कळली, त्याखालच्या कड्या कळल्या. माझ्या स्वतःच्या गळ्यावर वर्षभर रोज सकाळी कळत होत्या तशाच. 'एकोणतीस आठी दोनशे बत्तीस'ला नळी आत गेली आणि तिच्यातून फस्सकन हवा आली. मावशींचे काळेनिळे ओठ हळूहळू माणसाचे झाले. मॅडमनी माझ्या पाठीवर जोरात एक थाप मारली. आजही आठवते.

सर बाहेर बाकावर बसले होते. मी नियम मोडला आणि विचारलं, "सर, का अडकलात?"

ते रागावले नाहीत. "पंचवीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेतो," ते म्हणाले. "बोट ठेवलं आणि तिची हाक ऐकू आली, 'डॉक्टर, आज सरंगा बघा!' मग पुढचं काही सुचेना. ओळखीचा गळा होता गो. ओळखीचा गळा आपला नसतो." मग त्यांनी माझ्याकडून चहा मागवला आणि तो प्यायला दोघांनाही बराच वेळ लागला.

महिन्याभरानं मावशी धडधाकट होऊन आल्या. मला वाटलं, आता पाया पडतील. छे! आरशात बघून त्या माझ्यावरच उखडल्या. "बाय, एवढा उभा कापलास? आडवा कापला असतास तर गळसरीखाली लपला असता ना!"

"घाईत उभा," सर शेजारून म्हणाले.

"आणि तुम्ही होतात ना तिथे? मग या पोरीच्या हातात कशाला दिलात माझा गळा?"

"मी कापला असता तर आज भांडायला आली नसतीस."

मावशींनी त्याचा अर्थ विचारला नाही. सरांना एक सरंगा दिला, मला काहीच दिलं नाही. माझ्या घरी तो चाललाही नसता.

शिक्षण संपल्यावर मी तिथेच नोकरीला लागले, आणि काही वर्षांनी सर निवृत्त झाले. विभाग माझ्याकडे आला, आणि पाढाही. मधूनमधून ते फोन करायचे आणि "आज किती गळे?" एवढंच विचारून ठेवायचे. मग एक दिवस फोन आला तो काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. सकाळी उठताना त्यांना पाय हलवता येईना. दोन दिवसांत कमरेपर्यंत, मग हातांपर्यंत आणि मग छातीपर्यंत ताकद गेली. हा नसांचा एक आजार असतो. खालून वर चढतो आणि बहुतेक वेळा तसाच उतरतोही, पण उतरेपर्यंत माणसाला जगवावं लागतं. काकूंनी दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलाचं नाव काढलं तेव्हा सरांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना आमच्याच आयसीयूत यायचं होतं.

डोकं पूर्ण शाबूत, अंगात मात्र फक्त पापण्या हलतात, असा तो माणूस व्हेंटिलेटरवर पडून होता. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मॅडमनी खाटेसमोर बाराखडीचा तक्ता लावला. सिस्टर एकेक अक्षरावर काठी ठेवायच्या आणि सर पापणी मिटायचे. पहिल्या दिवशी अर्धा तास खपून त्यांनी सिस्टरकडून एक वाक्य जुळवून घेतलं. ते होतं : 'शेजारच्या खाटेचा गळा आखूड.'

दोन आठवडे झाले. तोंडातली नळी आता काढायला हवी होती. गळा करायचा ठरला, आणि तो कुणी करायचा याची चर्चासुद्धा झाली नाही. मीच करणार होते. माझ्या सरांचा गळा, सरांच्याच पद्धतीनं, चाकूनं, सुबक आडवा छेद. मी दोन रात्री मनातल्या मनात तो करून बघितला होता. खरं सांगायचं तर मला तो हक्क वाटत होता.

सकाळी अकराची वेळ होती. मॅडम तयार होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "गळ्याला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत सरांच्या गळ्याला मी कधी हात लावलेला नव्हता. मी बोट ठेवलं. लांब, सडपातळ गळा. उंचवटा, खळगा, कडी, आणि खालच्या कड्या एकेक मोजता येतील अशा. मध्ये गाठ नाही, उडणारी रक्तवाहिनी नाही. जन्मभर तारेला शिव्या घालणाऱ्या माणसाला देवानं अस्सल तारेचा गळा दिला होता. मला ते त्याच क्षणी कळलं. तरी मी म्हटलं, "चाकूनंच करते. त्यांना तेच आवडेल." सर जागे होते. गुंगीचं औषध अजून दिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

भूल देण्याआधी मी त्यांना ऐकवायचं म्हणून पाढा सुरू केला. ऑपरेशन सुरू व्हायचं होतं, पण मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा. पाचा एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साती..."

पुढे काहीच नाही. एकशे चौऱ्याहत्तर अधिक तीस, वजा एक. लहान पोराला येईल. मला येईना. बोट अजून त्यांच्या गळ्यावर होतं आणि मला ऐकू येत होतं, "ए, लांब गळा!" मी सरांकडे बघितलं. त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि परत मिटल्या. दोनदा. म्हणजे नाही.

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. मी चाकू ट्रेमध्ये ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही."

मॅडमनी "का?" असं विचारलं नाही. त्यांनी दोरीची कात्री घेऊन पाकीट कापलं, सरांना झोपवलं, हातमोजे चढवले आणि सुई उचलली. मग, जिला मी वीस वर्षं पाढ्याची टिंगल करताना ऐकलं होतं, त्या बाईनं घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "एकोणतीस एके एकोणतीस!" कुठेही न अडखळता. त्यांना तो पाठ होता. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून केव्हाचा पाठ झाला होता. सुई गेली, तार गेली, मी दुर्बिणीच्या पडद्यावर ती आत वळताना बघितली, शंकू गेला, आणि 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद'च्या आधी नळी जागेवर बसली. रक्ताचे दोन-चार थेंब फक्त. मी पडदा धरून उभी होते. तेवढंच माझं काम होतं आणि ते मी नीट केलं.

आजार जसा चढला होता तसा उतरायला लागला. आधी खांदे, मग बोटं. सात आठवड्यांनी सर आधारानं खुर्चीत बसायला लागले. आवाज परत येतो का ते बघायचं ठरलं. नळीला एक छोटी झडप लावली की श्वास घशातून वर जातो आणि माणसाला बोलता येतं. काकू हात घट्ट धरून उभ्या होत्या. सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, आमचे सगळे रेसिडेंट, सगळे गोळा झाले होते. तेवढ्यात मॅडमही हातातलं काम टाकून आल्या आणि सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या.

मी झडप लावली. सरांनी श्वास सोडला. खरखर झाली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सरांनी आधी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं आभार मानतील, पण त्यांनी बोट गळ्याच्या नळीजवळ नेलं, चाचपलं, आणि पहिलं वाक्य बोलले, "भोक लहान आहे. व्रण दिसायचा नाही. मी लोकांना काय दाखवू?"

"तार आहे ती," मॅडम म्हणाल्या. "सुतारकाम नाही."

मग ते माझ्याकडे वळले. मी सात आठवडे रोज त्यांच्यासमोर येत होते, औषधं लिहीत होते, नळी साफ करत होते, आणि रोज त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते. नियम होता की विचारायचं नाही. त्यांनीच तो केला होता.

"एकोणतीस साती?" सरांनी विचारलं.

"दोनशे तीन," मी म्हणाले.

त्यांनी पापणी एकदा मिटली.